मदत हवी आहे: एनसी झाली, नंतर एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं निघालं

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाला शेजारच्या दोघांनी पार्किंगवरून मारलं. त्या रात्री फक्त सूज दिसत होती, म्हणून पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खाली अदखलपात्र नोंद (एनसी) केली आणि 'आता कोर्टात जा' असं सांगून आम्हाला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तर मनगटाचं हाड मोडलेलं! त्याचा उजवा हात आहे हो, शर्टाचं बटणसुद्धा आई लावून देते.

मी वाचलं त्याप्रमाणे कलम ११६ नुसार हाड मोडणं ही गंभीर दुखापत ठरते. मग ११७(२) लागतं, ते दखलपात्र आहे आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे. म्हणजे पोलिसांना मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करता येतो. पण ठाण्यात गेलं की 'साहेब नाहीत, उद्या या' एवढंच ऐकायला मिळतं.

आता भावाचा पुरवणी जबाब आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र देऊन त्याच एनसीवरून एफआयआर होतो, की नवी फिर्याद द्यावी लागते? ठाण्यात नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवायचा, एवढं कळलंय. त्या अर्जाला काय काय जोडलंत? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. समोरचे उलट तक्रार करण्याची धमकी देताहेत आणि आई फार घाबरली आहे.