परड्यातल्या वाफ्यात मांजरं घाण करायलीत, लेक बाळंतपणाला आलीय

परडंवाली, वडगाव (बेळगाव)

नमस्कार. आमचं घर वडगावात, जुनं, कौलारू. मागं वीस बाय पंधरा फुटांचं परडं आहे. सासऱ्यांच्या वेळेपासून तिथं भाजी करतो. दिवाळी झाली की मेथी, कोथिंबीर, मुळा पेरायचा. कडेला चार वांगी, सहा-सात मिरच्या, आडाच्या कट्ट्याजवळ अबोली. यंदा मी तांबड्या मातीत शेणखत घालून, ढेकळं फोडून, चाळणीनं चाळून वाफे केले. माती अगदी रव्यासारखी झाली होती.

पेरून तिसऱ्या दिवशी बघते तर तीन ठिकाणी खड्डे, त्यात मांजराची घाण आणि वर माती ओढलेली. तेव्हापासून रोज तेच. कोंब आलेली मेथी उपटून पडते. परत पेरली, परत तसंच.

मागच्या बोळात यंत्रमागाची एक शेड बंद पडलीय. तिथं एक तिरंगी मांजरी, तिची दोन वाढलेली पिल्लं आणि एक मोठा काळापांढरा बोका असतो. शेजारच्या अक्का त्यांना रोज दूधभात घालतात. अक्का कन्नड बोलणाऱ्या, आमचं दोघींचं बोलणं कन्नडमध्येच होतं. तीस वर्षांचा शेजार आहे, माझ्या लेकीला त्यांनी मांडीवर खेळवलंय. त्यांच्याशी भांडण मला नको.

आतापर्यंत केलेलं सांगते. मिरचीपूड टाकली. दुसऱ्या दिवशी एक पिल्लू पंजानं सारखे डोळे चोळताना दिसलं आणि मला रात्रभर झोप आली नाही. पुन्हा ते करणार नाही. फिनेल ओतलं, तर तिथली रोपंच जळाली. संत्र्याच्या साली दोन दिवस चालल्या. निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, त्यांचा काहीच उपयोग झाला नाही.

सासूबाई म्हणतात, मांजर हे षष्ठीदेवीचं, म्हणजे आपल्या सटवाईचं वाहन. घरात पोटुशी बाई असताना मांजराला काठी लावायची नाही, आणि मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं. मलाही त्यांना इजा करायची नाहीच. माडीवर भाताची पोती असतात, त्या मांजरीमुळंच उंदीर कमी आहेत. खरं लेक सातव्या महिन्यात आहे. डॉक्टरीणबाईंनी मांजराच्या घाणीपासून लांब राहायला सांगितलंय. तिला सकाळी परड्यात बसायची लहानपणापासूनची सवय. मी तिला आता मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकू देत नाही आणि ती तोंड पाडून सोप्यात बसते. कुणाला खात्रीचा उपाय माहीत असेल तर सांगा.

---

खानापूरचा बागवाला

काकू, तुम्ही माती चाळलीत तिथंच मांजराला आमंत्रण गेलं. त्याला बसायला कोरडी, भुसभुशीत, पंजानं पटकन उकरता येणारी माती लागते. पेरणीचा ताजा वाफा म्हणजे त्याच्या मनासारखी जागा. त्यामुळं वासाच्या मागं लागू नका. कुठलाही वास दोन दिवसांत उडतो, पाणी घातलं की त्याच दिवशी. उकरता येणार नाही अशी जमीन करा.

मी काय करतो सांगतो. पेरून झालं की वाफ्यावर कोंबडीची जाळी, ती षटकोनी भोकांची, आडवी अंथरतो. चारी कडा दोन-दोन इंच मातीत दाबतो आणि मध्ये वाकवलेल्या तारेचे आकडे मारतो. मेथी-कोथिंबीर त्या भोकांतून आरामात वर येते. मांजर पंजा टाकतं, जाळी लागते, निघून जातं. जाळीला पैसे घालायचे नसतील तर करवंदीचे नाहीतर बोगनवेलीचे फाटे वाफ्यावर पसरा. रोपं चार बोटं वर येईपर्यंतच ठेवायचे. एकदा वाफा दाट भरला की मांजर त्यात शिरत नाही, त्याला मोकळी जागा लागते.

वांग्या-मिरच्यांच्या बुडाशी फुटक्या कौलांचे तुकडे लावा. आमच्याकडं खानापुरात मातीकाम पूर्वीपासून चालतं, खापरांना तोटा नाही. तुमच्या कौलारू घरातही माळ्यावर फुटकी कौलं असतीलच. तळहाताएवढे तुकडे एकाला एक लावून आळं झाकायचं. ओलही टिकते.

पाणी सकाळी घालत असाल तर ते संध्याकाळी घाला. मांजरं रात्री आणि पहाटे फिरतात, ओल्या मातीत त्यांना बसायला आवडत नाही. आणि एक विचारतो, अबोलीला हाडांची पावडर किंवा मासळी धुतलेलं पाणी घालता का? घालत असाल तर आधी ते बंद करा. त्या वासानं मांजर येतं आणि उकरतं.

---

निपाणीकर

कुणीतरी तुम्हाला तंबाखूचा चुरा टाका म्हणून सांगणारच, म्हणून आधीच लिहितो. आमच्या भागात चुरा फुकट मिळतो आणि लोक सर्रास टाकतात. टाकू नका, ताई. निकोटीन मांजराला विष आहे. पंजाला लागलेलं ते चाटतं आणि मग तोंडाला फेस, थरथर, झटके. मी लहान असताना आमच्या वखारीत एक मांजरी अशी तडफडून गेलेली बघितलीय, अजून आठवते. ओल्या तंबाखूची पानं तोडणाऱ्या माणसांनासुद्धा कातडीतून निकोटीन भिनून मळमळ आणि चक्कर येते, तर मांजराचं काय.

दुसरं, तुमच्या परड्यात मिरची आणि वांगी आहेत. ही सगळी तंबाखूच्याच कुळातली. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू सुक्या चुऱ्यातही टिकून असतो आणि मिरचीवर, टोमॅटोवर चढतो. पानं चितकबरी होऊन आकसली की त्याला औषध नाही, झाड उपटावंच लागतं. आमच्यात तंबाखूच्या शेतातून आलेला माणूस हात साबणानं धुतल्याशिवाय मिरचीच्या रोपांना शिवत नाही.

डांबराच्या गोळ्याही नकोत. लहान पोर असलेल्या घरात तर मुळीच नकोत.

---

परडंवाली, वडगाव

दोघांचेही मनापासून आभार. अबोलीला हाडांची पावडर मी दसऱ्यालाच घातली होती! माझ्या लक्षातच आलं नाही. आज वरची माती काढून लांब टाकली. तंबाखूचं खरंच एकानं सुचवलं होतं, बरं झालं विचारलं.

लेकीचं मात्र अजून मनात आहे. घाण काढली तरी ती माती भाजीला चालते का? मेथी शिजवून खातो, खरं कोथिंबीर आणि मुळा कच्चाच जातो पोटात. आणि बोका तुळशीकट्ट्यावर उभ्यानं शेपूट वर करून फवारा मारतो, त्याचं काय करायचं?

---

जनावरांच्या दवाखान्यातून

मावशी, मी पशुवैद्य आहे, चिकोडी भागात काम करते. लेकीचं आधी सांगते. भीती आहे ती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची. मांजराला त्याची पहिल्यांदा लागण होते तेव्हा साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून सूक्ष्म अंडी पडतात, नंतर बहुतेक वेळा आयुष्यात पुन्हा नाही. नव्यानं शिकार करायला लागलेल्या तरुण मांजरांत हे जास्त. तुमच्याकडची ती दोन वाढलेली पिल्लं त्याच वयाची आहेत.

ताजी घाण लगेच बाधत नाही. त्या अंड्यांना बाधण्याजोगं व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण दिसली की त्याच दिवशी काढायची, उद्यावर टाकायची नाही. हातमोजे घालून तुम्ही किंवा घरातल्या कुणीतरी काढा, लेकीनं नाही. आजूबाजूची ओंजळभर मातीही उचला, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. शेणखताच्या खड्ड्यात कधीच टाकू नका. फिनेलनं ही अंडी मरत नाहीत, उकळत्या पाण्यानं मरतात. फिनेल मांजरालाही घातक आहे, त्याचं यकृत ते पचवू शकत नाही.

न काढलेली अंडी ओलसर मातीत महिनोन्‌महिने, वर्षभरही राहतात. तेव्हा घाण झालेल्या वाफ्यातली कोथिंबीर आणि मुळा यंदा लेकीला कच्चा देऊ नका. शिजवलेलं चालतं. सकाळी तुळशीचं पान तोंडात टाकायची सवय असेल तर तेही वाहत्या पाण्याखाली चोळून धुऊन. आणि हा रोग मांजराला शिवल्यानं क्वचितच होतो. अर्धंकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी यांतून जास्त होतो. तिला ही लागण आधी होऊन गेलीय का ते रक्ताच्या तपासणीत कळतं, तिच्या डॉक्टरांना विचारा. पण तिला कोंडून ठेवू नका. फरशीवर, कट्ट्यावर खुर्ची टाकून ती खुशाल बसू दे. मातीत हात घालायचा नाही एवढंच.

बोक्याचं वेगळं आहे. तो फवारा हद्द सांगण्यासाठी असतो, त्याला जाळी-काटे लागू पडत नाहीत. शस्त्रक्रिया केली की बहुतेक बोक्यांचं ते कमी होतं किंवा थांबतं. मांजरीची तर कराच. गाभणपण नऊ आठवड्यांचं, पिल्लू चार-सहा महिन्यांचं झालं की तेही माजावर येतं. आज चार आहेत, पुढच्या दिवाळीला किती होतील याचा विचार करा. पकडून लांब सोडून येणं हा उपाय नाही. त्यांचे हाल होतात आणि रिकाम्या जागेत दुसरी येतात. विष घालणं किंवा इजा करणं हा तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाच आहे.

---

शहापूरची सून

काकू, मांजरांना जायला दुसरी जागा द्या. आमच्याकडं असंच होतं. जिन्याखाली पावसाचं पाणी न येणाऱ्या कोपऱ्यात दोन फुटांच्या जुन्या घमेल्यात चार बोटं बारीक वाळू भरली आणि त्यांचीच थोडी घाण त्यात ठेवली. चौथ्या दिवसापासून तिथं जायला लागली. रोज काढायला लागतं, नाहीतर परत वाफ्यात. आणि दूधभाताचं भांडं घमेल्यापासून लांब हवं. मांजर खातं तिथं घाण करत नाही. अक्कांशी तुम्हीच बोला, दुसऱ्याच्या तोंडून त्यांना कळू देऊ नका.

---

परडंवाली, वडगाव

तीन आठवडे झाले, सांगायला आले.

जाळी आणली. दोन वाफ्यांवर अंथरली, तिसऱ्याला पुरली नाही, तिथं बोगनवेलीचे फाटे टाकले. माळ्यावरून फुटकी कौलं काढून वांग्या-मिरच्यांना लावली. जाळीच्या वाफ्यांत पहिल्या रात्रीपासून एकदाही घाण नाही. फाट्यांच्या वाफ्यात दोनदा झाली, जिथं फाटे विरळ होते तिथंच. परवा पहिली मेथी काढली.

अक्कांकडं मी संध्याकाळी गेले. आधी मला बोलवेना. मग लेकीचं डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय तेवढंच सांगितलं. त्या एकदम गप्प झाल्या आणि म्हणाल्या, आधी का नाही सांगितलंस, माझं बेक्कु तुझ्या घरी घाण करतंय हे मला कसं कळणार. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मुलानं शेडच्या वळचणीला घमेलं ठेवलं. वाळूला त्या उसुकु म्हणतात. रोज सकाळी नऊला त्या स्वतः ते साफ करतात आणि आठवड्यातून एकदा रिकामं करून उकळतं पाणी ओततात. दूधभात आता आमच्या वाफ्यांच्या बाजूच्या कुंपणाला लागून ठेवतात, मीच तसं सुचवलं. मांजरी आणि पिल्लं घमेल्यात जातात. बोका अजून नाही.

लेकीचं रक्त तपासलं, लागण पूर्वीच होऊन गेलेली आहे, म्हणून आता काळजीचं कारण नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तरी कोथिंबीर मी बाजारातून आणून धुऊनच देते. सकाळी आडाच्या कट्ट्यावर तिची खुर्ची असते. तिरंगी मांजरी तिच्या पायाशी येऊन बसते आणि सासूबाई सटवाईला हात जोडतात.

बोका आणि मांजरी, दोघांची शस्त्रक्रिया गुरुवारी ठरलीय. खर्च अक्का आणि मी निम्मा-निम्मा. बोक्याला पकडायचं कसं हे मात्र कळेना. तो अक्कांच्याही हाताला लागत नाही. पिंजरा कुठं मिळेल, आणि बुधवारी रात्री त्यांना किती वाजेपर्यंत खायला द्यायचं, हे डॉक्टर ताई, जमेल तेव्हा सांगा.

---

जनावरांच्या दवाखान्यातून

मावशी, पिंजरा दवाखान्यातूनच मागा, बहुतेक ठिकाणी असतो. आजपासूनच दार बांधून उघडा ठेवा आणि बोक्याचं खाणं रोज थोडं थोडं आत सरकवा. बुधवारी रात्री दार मोकळं करा. आत गेला की पिंजऱ्यावर जुनं लुगडं टाका, अंधारात तो शांत राहतो. मोठ्या मांजरांना बुधवारी रात्री नऊनंतर खायला नको, पाणी चालेल. तरी तिथल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. मांजरी पिल्लांना अजून पाजत असेल तर तेही त्यांना आधी सांगा.