माळ्यावर सापडलेल्या जुन्या गेम्सच्या सीडी, विंडोज ११ वर चालवायच्यात

नेरूळकर_८८:
नमस्कार मंडळी, गणपतीसाठी माळा साफ करताना बिस्किटाच्या डब्यात आमच्या जुन्या गेम्सच्या सीडी सापडल्या, एज ऑफ एम्पायर्स २ आणि जीटीए व्हाइस सिटी, दोन्ही ओरिजिनल, बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या. तेव्हा आम्ही ठाण्यात कोपरीला राहायचो, घरात एकच कॉम्प्युटर, मी आणि दादा अर्धा अर्धा तास वाटून खेळायचो. आता दादा पुण्याला असतो, गणपतीत पाच दिवस नेरूळला येतोय, आणि मला मनापासून वाटतंय की दोघांनी आपापल्या लॅपटॉपवर बसून एकदा तरी एज खेळावं, आयुष्यात पहिल्यांदा एकाच वेळी.

बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घेतलाय, विंडोज ११ आहे. एज इन्स्टॉल झाला पण रंग विचित्र दिसतात आणि माऊस अडकत अडकत चालतो, मल्टिप्लेअर तर उघडतच नाही. व्हाइस सिटी इन्स्टॉल होतो पण सीडी ड्राइव्हमध्ये असूनही सुरू होत नाही. कंपॅटिबिलिटी मोडमध्ये, म्हणजे गेमला जुनं विंडोज असल्याचं भासवणाऱ्या सेटिंगमध्ये, एक्सपीपासून सगळं लावून बघितलं. दुकानात विचारलं तर म्हणाले जुनं टाकून द्या आता. मला टाकायचं नाहीये.

वाशी_से१७:
सगळ्यात आधी एक काम कर भावा, गेम चालो न चालो, दोन्ही सीडींची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची हुबेहूब नक्कल फाइलमध्ये, काढून घे. आपल्याकडच्या दमट हवेत माळ्यावरच्या सीडीला बुरशी धरते, आज वाचतेय ती पुढच्या पावसाळ्यानंतर वाचेलच असं नाही. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा डेटाच्या रेषेवरच पडतो आणि ड्राइव्हला तो भरून काढता येत नाही. मग इमेज काढ, आयएसओ प्रकारची असेल तर विंडोज ८ पासून नुसतं डबल क्लिक केलं की उघडते. आणि ज्या गेमचं म्युझिक सीडीवर गाण्याच्या ट्रॅकसारखं असतं, १९९६ चा क्वेक तसा आहे, त्याची आयएसओ काढायची नाही, त्यात गाणी येतच नाहीत, बिन-क्यू प्रकारची इमेज काढायची. आमच्याकडे मी हे उशिरा केलं, चार सीडी कायमच्या गेल्या, अजून वाईट वाटतं.

ऐरोली_कोडर:
इन्स्टॉल कुठे केलास? प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर काढ आणि सरळ सी ड्राइव्हवर गेम्स नावाचा फोल्डर करून त्यात टाक. एज आपले सेव्ह स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितो, आणि व्हिस्टापासून विंडोज प्रोग्राम फाइल्समध्ये असं कुणालाही लिहू देत नाही, ते गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या दुसऱ्याच जागी जातं आणि मग माणूस सेव्ह शोधत बसतो.

रंगांचं कारण असं की एज १९९९ चा, तो २५६ रंगांच्या पॅलेटवर चालतो. म्हणजे स्क्रीनवर कुठले २५६ रंग ते गेम ठरवतो, आणि मधेच विंडोजने आपलं पॅलेट घुसवलं की रंग बिघडले. विंडोज ७ च्या काळात पाणी लाल, गवत जांभळं दिसायचं आणि लोक टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून खेळायचे. आता ती गरज नाही, सीएनसी-डीड्रॉ म्हणून फुकट रॅपर आहे, त्याच्या फाइल्स गेमच्या फोल्डरमध्ये टाकायच्या. गेम समजतो तो जुन्या डायरेक्टड्रॉशीच, म्हणजे विंडोजच्या स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या जुन्या भागाशीच, बोलतोय, रॅपर मधल्यामध्ये ते आजच्या ग्राफिक्स कार्डला कळेल असं करून देतो. माऊससुद्धा बहुतेक त्यानेच सुटेल.

मल्टिप्लेअरसाठी कंट्रोल पॅनेलमधून विंडोज फीचर्स उघड, लेगसी कंपोनंट्सखाली डायरेक्टप्ले आहे, जुन्या गेम्सना नेटवर्कवर खेळायला लागणारा भाग, दोन्ही लॅपटॉपवर टिक कर. गेममध्ये जोडणीचा प्रकार टीसीपी-आयपी निवड, जुना आयपीएक्स नको, ते विंडोजमधून कधीच गेलंय. फायरवॉलने विचारलं की परवानगी दे आणि दोघांकडे गेमचा एकच पॅच, म्हणजे एकच दुरुस्त आवृत्ती, हवा, नाहीतर एकमेकांना दिसलात तरी खेळता येणार नाही.

घोडबंदर_ताई:
व्हाइस सिटीबद्दल मी सांगते, माझा आवडता गेम आहे. तुझी सीडी खराब नाहीये, तिला दोष देऊ नकोस. त्या काळातल्या पुष्कळ सीडींवर सेफडिस्क नावाची कॉपी-राखण असायची आणि ती विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसणाऱ्या एका ड्रायव्हरवर चालायची. तो ड्रायव्हर धोकादायक ठरला म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने तो घेतलाच नाही, त्यामुळे ओरिजिनल सीडी हातात असूनही गेम दार उघडत नाही. कंपॅटिबिलिटी मोड कितीही बदल, उपयोग शून्य, आणि कुठल्यातरी साइटवरून तो ड्रायव्हर आणून बसवायच्या फंदात तर अजिबात पडू नकोस. एक तर डिजिटल दुकानातून अधिकृत कॉपी घे, नाहीतर एखादा जुना एक्सपीचा डबा नेटपासून तोडून फक्त गेम्ससाठी ठेव. मी दुसरं केलं, बाबांचाच जुना पीसी आहे, त्यावर ती सीडी वाजताना ऐकायला मला फार आवडतं.

डिजिटल कॉपी घेतलीस तर सायलेंटपॅच नावाचा चाहत्याने लिहिलेला दुरुस्तीचा पॅच नक्की टाक, आणि सेटिंगमधला फ्रेम लिमिटर चालू राहू दे. आजच्या मशीनवर तो बंद केला की गेम सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशोबाने लिहिलेला असल्यामुळे गाड्यांचं वागणंच बदलतं.

ऐरोली_कोडर:
ताईंनी सायलेंटपॅचचं नाव काढलं म्हणून सांगतो, विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आल्यावर जीटीए मालिकेतल्याच सॅन अँड्रियासमधलं स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान गायब झालं होतं. सायलेंटपॅच लिहिणाऱ्यानेच मूळ शोधलं. गाड्यांच्या डेटा फाइलमध्ये स्किमरच्या ओळीत चाकाच्या मापाचे आकडेच नव्हते, कारण व्हाइस सिटीत त्याची नोंद बोट म्हणून होती. गेम त्या जागी मेमरीत आधीच्या ओळीचं जे उरलेलं असेल ते उचलायचा आणि ते नशिबाने बरोबर निघायचं, जवळजवळ वीस वर्षं. नवीन विंडोजने मेमरीचा तो कोपरा थोडा वेगळा वापरला आणि चूक उघडी पडली. म्हणजे दोष गेमचा, दिसला मात्र विंडोज बदलल्यावर. म्हणून मी नेहमी म्हणतो, आधी कुठल्या थरावर अडलंय ते बघा, सीडी, कॉपी-राखण, ग्राफिक्स की वेग, प्रत्येकाचं औषध वेगळं.

नेरूळकर_८८:
मंडळी, एज चालला!! फोल्डर बदलला, सीएनसी-डीड्रॉ टाकलं, रंग अगदी कोपरीच्या घरात दिसायचे तसे, माऊसपण मोकळा. दोन्ही इमेज काढून पेन ड्राइव्हवर आणि हार्ड डिस्कवर ठेवल्या, सीडी सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात. व्हाइस सिटीचं कळलं, सीडी जपून ठेवतो आणि खेळायला डिजिटल घेतो. दादाला फोनवर डायरेक्टप्ले टिक करायला लावलं, त्याने पहिलं काय विचारलं माहितीये, अर्धा तास झाला की उठायचं का? ताई, वाशीकर, कोडर भाऊ, खूप खूप आभार. दोन्ही लॅपटॉप एकमेकांना लॅनवर जोडताना अडलं तर चतुर्थीच्या रात्री इथेच विचारेन.

वाशी_से१७:
विचार बिनधास्त, मी जागाच असतो, आमच्याकडे मखर रात्री दोनपर्यंत चालतं. दोघांनी एकाच वायफायवर राहा, गेस्ट नेटवर्क नको, त्यात लॅपटॉप एकमेकांना दिसत नाहीत.