रात्रपाळीत छातीत दुखलं, घरी येऊन माणूस गेला. हा ‘कामामुळे’ मृत्यू की नाही?

पाळीकर
माझे दाजी चाकण पट्ट्यात एका कारखान्यात सोळा वर्षं प्रेस शॉपला होते. फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, थर्ड बारा ते सात. दर सोमवारी पाळी बदल. शेवटच्या वर्षात माणसं कमी केली, आणि रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही की सेकंडवाल्याने थर्ड ओढायची असा शिरस्ताच पडला. ऑगस्ट २०२४. आठवड्यातली तिसरी डबल चालू होती. पहाटे पावणेपाचला छातीत दुखायला लागलं. सुपरवायझर म्हणाला, पित्त असेल, कॅन्टीनला जाऊन बसा. सोडा प्यायले, बसले, सातला पंच करून बसने घरी आले. नऊ वाजता हॉस्पिटलच्या दारातच सगळं संपलं. वय ४५.

कंपनी म्हणते मृत्यू आवारात नाही, अपघात नाही, हृदयविकार हा नैसर्गिक आजार. पीएफ, ग्रॅच्युइटी घ्या, नुकसानभरपाईचा प्रश्न येत नाही.

प्रेसमध्ये बोट गेलं तर किती टक्के अपंगत्व ते कायद्याने आधीच लिहून ठेवलंय. सोळा वर्षं झोप गेली, तिला रकानाच नाही. माझं म्हणणं एवढंच की लांब आणि फिरत्या पाळ्यांचे आजार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आले पाहिजेत. पटतंय का, सांगा.

दुसरी बाजू
वाईट झालं. घरच्यांना धीर द्या. पण विषय काढलाच आहे तर बोलतो. भोसरीत माझं बावीस माणसांचं युनिट आहे. माझा एक ऑपरेटर थर्ड संपवून खेडला गावी जातो आणि दुपारभर कांद्याला पाणी देतो. दिवसाला तंबाखूच्या तीन पुड्या. बीपीची गोळी आठवली तर. त्याला उद्या काही झालं तर सगळा दोष पाळीचा? ओटी, म्हणजे जादा तास, बंद करतो म्हटलं की हीच माणसं केबिनमध्ये येऊन भांडतात, कारण दुप्पट दराने पैसे सुटतात आणि पोरांच्या फिया त्यातूनच जातात. पाळ्या मी हौसेने चालवत नाही. मशीनचा हप्ता रात्री झोपत नाही.

डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगार नुकसानभरपाईचा विमा, मी दरवर्षी भरतो. बोट गेलं, पाय मोडला, देतो. हार्ट, शुगर सगळं त्यात घातलंत तर हप्ता कुठे जाईल?

नाडी बघू
कारखान्यांत डॉक्टर म्हणून काही वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. शरीराचं घड्याळ मेंदूत असतं आणि ते उजेडावर चालतं. रात्री रक्तदाब उतरायला हवा, तो जागणाऱ्याचा नीट उतरत नाही. तोच डबा दुपारी खाल्ला तर साखर जितकी चढते त्याहून जास्त रात्री दोनला खाल्ल्यावर चढते. कायम रात्रपाळी परवडली, असं काही जण म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे. आठवड्याच्या फेऱ्यात शरीर जरा रुळू लागतं तोवर सोमवार येतो. आणि पाळी उलटी फिरवली, म्हणजे थर्डवरून सेकंड, सेकंडवरून फर्स्ट, तर आणखी वाईट. माणूस उशिरा झोपायला शिकतो, लवकर झोपायला नाही. पाळी पुढे सरकवायला मालकाला पैसाही लागत नाही. तरी उलट्या फिरणाऱ्या पाळ्या मी पाहिल्या आहेत. का, तर साहेबांचा तक्ता वीस वर्षांपूर्वी तसा बनला होता.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२१ चा अभ्यास आहे. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त, हृदयरोगाने मृत्यूचा १७ टक्के जास्त. हे लांब तासांबद्दल आहे, पाळी फिरण्याबद्दल नाही, दोन्हींची गल्लत नको. रात्रपाळीला कर्करोगाचं ‘संभाव्य कारण’ म्हणून २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये धरलंय.

पण पाळीकर, १७ टक्के हा हजारो माणसांच्या गटाचा हिशेब. तुमच्या दाजींचा झटका त्या १७ मधला की एरवीही येणारा, हे सांगणारी तपासणी माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही.

दुसरी बाजू
बघा, डॉक्टरच म्हणतायत.

नाडी बघू
मी अर्धंच तुमच्या बाजूचं म्हणालो. छातीत दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला सोडा देऊन दोन तास बसवणं, हे गटाचं गणित नाही. त्या दोन तासांत ईसीजी निघाला असता.

वॉर्ड नंबर ७
नर्स आहे, चौदा वर्षं रात्री केल्या. डेन्मार्कमध्ये वीस-तीस वर्षं आठवड्याला किमान एक रात्र काम केलेल्या आणि स्तनाचा कर्करोग झालेल्या सुमारे चाळीस बायकांना सरकारी यंत्रणेने भरपाई मंजूर केली, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. त्यांनाही ‘तुझाच रोग रात्रपाळीचा कशावरून’ हे सिद्ध करता आलं नसतंच. नियमच तसा केला. आमच्याकडे रात्रीनंतर सुट्टी मागितली तर ‘घरी जाऊन काय करणार’ विचारतात. झोपणार, अजून काय?

काळा कोट
कायद्याचं सांगतो. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला असला तरी तुमची घटना २०२४ ची, तेव्हा जुन्या कायद्यावरच बोलू. तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी आहे. शिसं, पारा, बेंझिन, सिलिकोसिस, आवाजाने आलेला बहिरेपणा. पाळीमुळे आलेला काहीही नाही. यादीत नसलेल्या रोगाला भरपाई हवी तर तो कामातल्या अपघाती इजेतूनच आला असं दाखवावं लागतं. म्हणून हे दावे ‘रोग’ म्हणून नाही, ‘अपघात’ म्हणून लढवतात. कामाच्या ताणाने ऐन वेळी हृदय बंद पडलं, तर तोही अपघातच.

पाळीकर, तुमच्या कामाचा निकाल मुंबईचाच आहे. छागला मुख्य न्यायमूर्ती असतानाचा, बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याच्या विधवेचा दावा, लक्ष्मीबाई आत्माराम. हृदयरोग आधीपासून होता, ड्युटीवर छातीत दुखलं, माणूस गेला. कोर्टाने सूत्र घालून दिलं: निव्वळ रोगाने मेला तर मालक जबाबदार नाही, पण कामाने हातभार लावला किंवा मरण लवकर आणलं तर जबाबदार. ‘दुसरी बाजू’ यांच्या तंबाखूचं उत्तरही यातच आहे. तंबाखू असली तरी दावा आपोआप मरत नाही.

मात्र सोपं समजू नका. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रकच्या क्लीनरच्या प्रकरणात बजावलं की झटका आला म्हणजे कामामुळेच आला असं गृहीत धरता येणार नाही, ताण दाखवा. २०१२ मध्ये दिल्लीहून हजारावर किलोमीटर ट्रक नेणाऱ्या ड्रायव्हरला झटका आला, तिथे तो ताण कोर्टाने मानला. दोन्हींत फरक कशाचा? काम किती ओढलं होतं ते कोर्टासमोर आलं का, याचा.

पगार किती होता?

पाळीकर
ओटी धरून ३४ हजार. ईएसआय, ती सरकारी कामगार विमा योजना, कधीच सुटली होती.

काळा कोट
म्हणजे ओटी वगळूनही २१,००० च्या वर, ईएसआय नाही. ते असतं तर बरं झालं असतं. कामावर असताना झालेला अपघात कामामुळेच झाला असं तिथे गृहीत धरतात, विरुद्ध पुरावा आला तरच प्रश्न. इथे ओझं तुमच्यावर. आणि पगार ३४ हजार असला तरी हिशेब कायद्यातल्या कमाल १५,००० वरच. त्याच्या निम्मे ७,५००, गुणिले ४५ व्या वर्षाचा ठरलेला गुणक १६९.४४. झाले १२,७०,८००. उशिराचं १२ टक्के व्याज वेगळं. मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. ऑगस्ट २०२६ ची वाट बघू नका.

दुसरी बाजू
एक राहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात रोजचे तास ९ वरून १२ पर्यंत न्यायला आणि ओटी तिमाहीला ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली, तीही कामगाराच्या लेखी संमतीने. सरकार एकीकडे बारा तास चालतील म्हणणार आणि दुसरीकडे त्याच तासांनी आजार झाला म्हणून मला भरायला लावणार? दोन्ही एकदम नाही चालणार.

पाळीकर
उलट दोन्ही एकदमच हवं. तास वाढवलेत ना, मग त्यांचा दुष्परिणामही तुमच्या खात्यात घ्या. आणि संमतीचं म्हणाल तर दाजींनाही रात्री पावणेबाराला ‘थांबताय ना?’ असंच विचारायचे. गेटवर बस एकच. नाही म्हणून जायचं कुठे?

ओसाकाकर
इथे जपानमध्ये अतिश्रमाने मृत्यूला शब्दच आहे, करोशी. झटक्याच्या आधीच्या महिन्यात १०० तास जादा काम, किंवा दोन ते सहा महिने सरासरी ८० तास, असेल तर कामाचा संबंध घट्ट मानतात. २०२१ मध्ये अनियमित पाळ्या आणि दोन ड्युट्यांमधली विश्रांती ११ तासांहून कमी असणं, हेही बघायला लागले. डॉक्टरांचा ‘या एका माणसाचं कसं सांगू’ हा प्रश्न त्यांनी असा तासांवर सोडवला.

दुसरी बाजू
हे मला पटण्यासारखं आहे, खरं सांगतो. आकडा ठरलेला असेल तर मीही त्याच्या आत राहीन आणि रात्री निवांत झोपेन. पण त्याला तासांची नोंद चोख लागते. पाळीकर, तुमच्याकडे आहे?

पाळीकर
पंचिंगची नोंद मागितली तर कंपनी म्हणते सिस्टीम बदलली, जुना डेटा नाही. माझ्याकडे एकच वस्तू आहे. ताई डबा कधी करायचा ते कळावं म्हणून कालनिर्णयवर रोज दाजींची पाळी लिहायची. १, २, ३. डबल झाली की आकड्याला गोल. त्याच चौकोनात दुधाचा हिशेब, ‘अर्धा’, ‘एक’, मध्येच ‘गॅस आला’. जुलै २०२४ मध्ये नऊ गोल आहेत. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सात.

दुसरी बाजू
मी कंपनीचा वकील असतो तर म्हणालो असतो, हे काय, एका रात्रीत बसून लिहिता येतं.

काळा कोट
म्हणतीलच. म्हणून एकटा ऑगस्ट नको, मिळतील तितकी वर्षं काढा. पगाराच्या चिठ्ठीवरचे ओटीचे तास गोलांशी जुळवून बघा. कंपनीला हजेरीपट आणि ओटीचं रजिस्टर हजर करायला लावणारा अर्ज मी देतो, आणि नाही आणलं तर त्याचा अर्थ कंपनीच्या विरोधात काढा असं कोर्टाला सांगता येतं. बसच्या ड्रायव्हरला विचारा, कॅन्टीनवाल्यालाही. सोडा कुणी दिला?

पाळीकर
कॅन्टीनचा पोरगा आता दुसरीकडे असतो, नंबर मिळवतोय. २०२२ चं कॅलेंडर ट्रंकेत सापडलं. २०२३ चं सापडेना, तर ताईने पानं सुटी करून स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरली होती. जून ते सप्टेंबर निघाली. तेलाचे डाग पडलेत, एका कोपऱ्यावर हळदही आहे, पण आकडे वाचता येतात. चालतील का?

काळा कोट
चालतील. डाग पुसू नका.