मिउरा नुसती देखणी की खरोखर थोर?

चौथा_गिअर:
लँबॉर्गिनी या इटालियन कंपनीच्या मिउरा या स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की लोक 'काय देखणी गाडी!' म्हणतात आणि तिथेच थांबतात. हा त्या गाडीवर अन्याय आहे. नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरिनच्या मोटर शोमध्ये जे मांडलं होतं ते नुसतं चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, होतं, वर बॉडी नव्हतीच. तरी सगळ्यांच्या नजरा त्यावर खिळल्या, कारण जवळजवळ चार लिटरचं व्ही-१२ (बारा सिलिंडरचं) इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलं होतं, आणि तेही आडवं, गाडीच्या रुंदीत! लँबॉर्गिनीचे दल्लारा, स्टान्झानी, बॉब वॉलेस आणि नंतर बॉडी रेखाटणारे, बेर्तोने या डिझाइन कंपनीचे गांदिनी, चौघांपैकी कुणीही तेव्हा तिशी ओलांडलेली नव्हती. गिअरबॉक्स इंजिनच्या मागे, त्याच ओतकामात घेतला, म्हणून व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) अडीच मीटरवर राहिला. उंची जेमतेम १०५ सेंटीमीटर. हेडलाइटभोवतीच्या त्या काळ्या पापण्या, इंजिनावरच्या आडव्या पट्ट्या, हे सगळं १९६६ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला आलं. पण खालची मांडणी अशी नसती तर गांदिनींना ही रेषा ओढताच आली नसती. रूप आधी नाही, धाडस आधी.

टॉर्क_पाना:
पूर्ण असहमत. धाडस मान्य, पण गाडी अर्धीकच्ची विकली. पेट्रोलची टाकी पुढे, नाकात. ती रिकामी होत गेली की नाक हलकं पडतं, आणि वेग चढला की नेमकं तेव्हाच स्टिअरिंग सैल वाटू लागतं. सुरुवातीच्या गाड्यांचं चॅसिस ०.९ मिलिमीटर पत्र्याचं, त्यालाही वजन कमी करायला भोकं. पुढे पत्रा जाड करावा लागला, यातच सगळं आलं. इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइल एकच, म्हणजे गिअरचा खरवडलेला कीस बेअरिंगपर्यंत जायला वाट मोकळी. आणि इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारे ते वेबर कंपनीचे चार कार्बोरेटर! गाडी उभी असताना पेट्रोल साचायचं, गरम इंजिनावर सांडायचं. कितीतरी मिउरा अशा पेटल्या. १९६८ ची फेरारी डेटोना बघा. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, ३५२ अश्वशक्ती, वेग ताशी २८० किलोमीटरच्या घरात, आणि दिवसभर हाणली तरी भरवशाची. मला विचाराल तर थोर गाडी ती.

बोनेट_उघडा:
सांत'आगाताच्या, म्हणजे लँबॉर्गिनीच्या गावच्या, संग्रहालयात मिउरा जवळून पाहिली आहे. चालकाच्या डोक्यामागे एक काच, आणि काचेपलीकडे लगेच बारा सिलिंडर. आत किती तापत असेल आणि किती आवाज असेल हे तिथे उभं राहिलं की कळतं. लांबच्या प्रवासाची गाडी ही नव्हे, एवढं टॉर्क_पाना यांचं खरं. बाकी माझं मत मिउरालाच.

चौथा_गिअर:
दोष कबूल, पण तिथेच का थांबता? मिउराचीच सुधारित आवृत्ती, १९७१ ची एसव्ही घ्या. ३८५ अश्वशक्ती, मागचं सस्पेन्शन नव्याने केलेलं, मागची चाकं रुंद, आणि शेवटच्या शेवटच्या गाड्यांत ऑइलही वेगळं केलं. पापण्या गेल्या याचं मला वाईट वाटतं, पण गाडी म्हणून एसव्ही पक्की झाली होती.

टॉर्क_पाना:
म्हणजे पाच वर्षं गिऱ्हाइकांनी पैसे मोजून चाचणी करून दिली! आणि त्याच १९७१ च्या जिनिव्हा शोमध्ये, एसव्हीबरोबरच, कंपनीने काउंटाश या पुढच्या गाडीचा नमुना मांडला. त्यात स्टान्झानींनी इंजिन लांबीत फिरवलं आणि गिअरबॉक्स पुढे, दोन सीटांच्या मध्ये आणला. ज्यांनी आडवी मांडणी केली त्यांनीच ती सोडली. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

चौथा_गिअर:
आडवेपणा सोडला, पण व्ही-१२ पाठीमागे ठेवणं सोडलं का? काउंटाश आणि तिच्यानंतरची डियाब्लो, दोन्ही त्याच वाटेने गेल्या. आणि तुमच्या डेटोनाची जागा घ्यायला फेरारीने १९७३ मध्ये ३६५ जीटी४ बीबी आणली, तिचंही इंजिन चालकाच्या मागेच होतं.

टॉर्क_पाना:
मागे, पण लांबीत. माझा आक्षेप आडव्या इंजिनाला होता आणि आहे.