रोजच्या फोटोंसाठी परवडणारा कलर रोल: कलरप्लस, गोल्ड, अल्ट्रामॅक्स की सिनेमाचं रीळ?

रीळवेडा_पुणे
कॅमेरा पेंटॅक्स के१०००, लेन्स ५० एमएम एफ/२. महिन्याला दोन रोल. विषय साधेच: घरची माणसं, पेठांतल्या गल्ल्या, मंडई, कधी सिंहगड. धुणं आणि स्कॅन लॅबमध्येच. कोडॅक कलरप्लस २००, गोल्ड २०० आणि अल्ट्रामॅक्स ४०० यांत रोजच्यासाठी काय घ्यावं? सिनेमाच्या रिळातून भरलेले २५०डी, ५००टी रोल स्वस्त दिसतात, ते चालतील का? आणि पावसाळ्यात २०० पुरतो का?

काळी_पिशवी
आधी हिशेब रोलचा नको, फोटोचा करा. समजा रोल ९०० ला मिळाला आणि धुणं-स्कॅन ६०० ला पडलं, तर ३६ फोटोंचे १,५०० झाले, म्हणजे एक फोटो साधारण ४२ रुपयांना. रोल २०० रुपयांनी स्वस्त घेतलात तरी ४२ चे ३६ होतात, इतकंच. २४ चा रोल स्वस्त वाटतो, पण धुणावळ पूर्ण रोलचीच लागते, म्हणून तो टाळा.

कलरप्लस आणि गोल्ड दोन्ही २०० चे, म्हणजे उजेडाला सारखेच संवेदनशील; ४०० ला त्याच्या निम्मा उजेड पुरतो. कलरप्लसचं इमल्शन (चित्र धरणारा थर) जुन्या वळणाचं: रंग जरा दबलेले, ग्रेन (चित्रातला दाणा) किंचित जाड. गोल्ड पिवळसर उबेकडे झुकतो. गव्हाळ-सावळ्या त्वचेला आणि संध्याकाळच्या उन्हाला ते शोभतं. किमतीत थोडाच फरक असेल तर गोल्ड. पण खरं सांगायचं तर लॅबचा स्कॅनर आपोआप रंग बसवतो आणि त्यात या दोघांमधला निम्मा फरक धुऊन निघतो. त्यामुळे जो रोल तुमच्या दुकानात वर्षभर मिळतो तो धरा आणि सहा महिने बदलू नका. दर महिन्याला वेगळ्या जातीचा रोल घेतलात तर चूक फिल्मची, मीटरची (उजेड मोजणाऱ्या सुईची) की लॅबची, हे कधीच कळणार नाही.

फुजीफिल्म २०० किंवा ४०० स्वस्त मिळाला तर डब्यावर बघा. ‘मेड इन यूएसए’ असेल तर तो अमेरिकेत बनलेला माल आहे, जुना जपानी फुजी नव्हे. वाईट मुळीच नाही, फक्त त्या हिरव्या-निळ्या फुजी रंगाच्या आशेने घेऊ नका.

एक_स्टॉप_जास्त
वरच्याशी सहमत. फिल्मपेक्षा जास्त फरक एक्स्पोजरने, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडतो त्याने, पडतो. कलर निगेटिव्ह जास्त उजेड सहज सोसते, दोन स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तर तक्रारच नाही. कमी उजेड मात्र एक स्टॉपसुद्धा खपत नाही: सावल्या राखाडी-हिरवट होतात, ग्रेन वर येतो, आणि स्कॅनमध्ये कितीही उजळलं तरी तिथे तपशील नसतोच.

म्हणून २०० चा रोल घालून एएसएची (फिल्मच्या आकड्याची) चकती १०० वर ठेवा, म्हणजे एक स्टॉप जास्त उजेड मिळेल, आणि लॅबला नेहमीसारखाच धुवायला द्या. इथे गोंधळ होतो. ‘१०० ला काढलाय’ असं सांगितलं की एखादा उत्साही माणूस धुण्याची वेळ कमी करतो. काहीच सांगू नका.

के१००० चं मीटर सगळ्या चौकटीची सरासरी घेतं. गल्लीत वर पांढरं आभाळ आलं की सुई फसते आणि माणसं काळी येतात. कॅमेरा खाली रस्त्याकडे वळवून सुई जुळवा, मग वर घेऊन फोटो काढा. या मीटरला बंद करायचं बटण नाही, लेन्सचं झाकण हेच बटण. झाकण विसरलात तर सेल उतरतो आणि सुई खोटं बोलायला लागते.

ढगाळ_दुपार
पावसाळ्याचं आणि घरातलं गणित वेगळं आहे, तिथे मी ४०० च्या बाजूने.

२०० ला भर उन्हात शटर १/२५० सेकंद आणि लेन्सचं छिद्र एफ/१६ (आकडा लहान तर छिद्र मोठं). दाट ढगात तेच १/२५० आणि एफ/५.६. मुसळधार पावसात आणखी दोन स्टॉप जातात, मग १/१२५ आणि एफ/४. म्हणजे बाहेर २०० पुरतो. अडतं ते घरात. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ४०० ला एफ/२ वर १/३० ते १/६० मिळतो. २०० ला १/१५ ते १/३०, आणि तेवढ्यात पोर हलतं. वर ‘एक स्टॉप जास्त’ द्यायचा म्हटलं तर आणखी खाली.

पण सिंहगडावर दुपारी ४०० घालून गेलात तर उलटी अडचण. या कॅमेऱ्याचं शटर १/१००० ला संपतं, त्यामुळे लेन्स एफ/११ पेक्षा उघडली की उजेड जास्तच जाणार. निगेटिव्ह तो सोसते, पण मागचं धूसर हवं म्हणून एफ/२ ला काढलंत तर पाच स्टॉप जास्त होतात. तेवढं अल्ट्रामॅक्सलाही झेपत नाही: निगेटिव्ह काळीकुट्ट, आभाळाचे रंग बिघडलेले. जून ते सप्टेंबर ४००, बाकी वर्ष २००, असं करा.

दमट हवेत फ्रिजमधला रोल बाहेर काढल्याबरोबर डबी उघडू नका. दोन तास तसाच राहू द्या, नाहीतर फिल्मवर दव धरतं. काढून झालेला रोल महिनोन्महिने कॅमेऱ्यात किंवा गाडीत ठेवू नका.

काळी_पिशवी
सिनेमाच्या रिळाचं कुणी बोललं नाही. ४०० फुटांच्या एका डब्यातून ३६ चे सत्तरेक रोल निघतात, म्हणून ते स्वस्त पडतात. अडचण पाठीवरच्या काळ्या कार्बनच्या थराची, ज्याला रेमजेट म्हणतात. नेहमीच्या सी-४१ (साध्या कलर रोलच्या धुण्याच्या) मशीनमध्ये तो सुटतो, रसायन घाण करतो आणि दुसऱ्यांच्या रोलवर चिकटतो. म्हणून लॅबला न सांगता असा रोल देणं म्हणजे त्यांच्या मशीनचं वाटोळं करणं. २०२५ मध्ये कोडॅकने रेमजेट नसलेली व्हिजन३ (हीच सिनेमाची फिल्म) आणली, पण बाजारात जुना मालही आहे. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा.

ही फिल्म मुळात ईसीएन-२ (सिनेमाच्या फिल्मची धुण्याची पद्धत) साठी बनलेली. सी-४१ मध्ये धुतली तर कॉन्ट्रास्ट चढतो, रंग सरकतात. ५००टी पिवळ्या बल्बसाठी आहे, उन्हात निळी येते. तिला ८५ नंबरचा फिल्टर लावा आणि मीटर ३२० वर ठेवा. दिवसासाठी २५०डी बरी.

आणखी एक: हाताने भरलेल्या रोलची शेवटची चिकटपट्टी कच्ची असते. शेवटच्या फ्रेमला फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर घट्ट लागला की जोर लावू नका. पट्टी सुटली तर फिल्म डबीत परत गुंडाळता येत नाही, उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीतच काढावी लागते.

रीळवेडा_पुणे
म्हणजे आता गोल्ड, चकती १०० वर. फोटो फिके आले तर चूक माझी की लॅबची, हे कसं ओळखायचं?

एक_स्टॉप_जास्त
स्कॅन बघू नका, निगेटिव्ह परत मागा. कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात, ते कारखान्यातच उजेडाने छापलेले, धुतल्यावरच दिसतात, तुमच्या कॅमेऱ्याशी संबंध नाही. आकडे ठसठशीत आणि चित्र पातळ असेल तर एक्स्पोजर कमी पडलं. आकडेही पुसट असतील तर धुण्यात घोळ, म्हणजे रसायन थकलेलं किंवा तापमान घसरलेलं. सी-४१ चा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) ३७.८ अंशांना सव्वातीन मिनिटं लागतो. दोन्ही ठसठशीत आणि फोटो तरीही फिका असेल तर दोष फक्त स्कॅनचा, तोच रोल पुन्हा स्कॅन करून मागा.