बॅटरी दुपारीच संपते. साइटवर दिवसभर टिकेल असा व्हेप कोणता घ्यावा?

साइटवाला_लीड्स

नमस्कार मंडळी. मी मूळचा कराडचा, सहा वर्षं झाली इंग्लंडमध्ये लीड्सला आहे. पुलांच्या कामावर साइट इंजिनिअर. सांगलीला हॉस्टेलवर असताना सिगारेट लागली ती एकोणीस वर्षं सुटली नाही, रोजच्या पंधरा. मागच्या मार्चमध्ये थोरलीला दम्याचा पंप सुरू झाला, त्याच आठवड्यात सिगारेट बंद केली आणि व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आलो. आधी वापरून टाकायचे व्हेप घ्यायचो. १ जून २०२५ पासून इथे त्यांच्या विक्रीवर बंदी आली, तेव्हा पुन्हा लिक्विड भरता येणारा छोटा व्हेप, म्हणजे पॉड घेतला. बॅटरी आतच बसवलेली, ८०० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप).

अडचण अशी की सकाळी सहाला घर सोडतो आणि परत यायला संध्याकाळचे साडेसहा होतात. साइटच्या केबिनमध्ये तपासून शिक्का मारलेलेच चार्जर चालतात, आपला घरचा लावता येत नाही. पॉवरबँक नेऊन पाहिली. पण खिशात राहून चार्जिंगच्या भोकात सिमेंटची भुकटी बसते, मग वायर लागल्यासारखी वाटते पण चार्जिंग होत नाही. दोनच्या सुमारास लाल दिवा, की संपलं.

गेल्या मंगळवारी तापमान एक अंश होतं. सळयांची तपासणी चालली होती, वारा अंगातून जात होता, आणि एकलाच बॅटरी गेली. पुढचे चार तास कसे काढले ते माझं मला माहीत. सुटल्यावर पेट्रोल पंपावर थांबलो आणि पाकीट घेतलं. इथे दहाचं पाकीट २०१७ पासून बंद आहे, त्यामुळे एकच ओढावीशी वाटली तरी वीस हातात येतात. दोन ओढल्या. अठरा अजून गाडीच्या कप्प्यात आहेत. दहा महिन्यांनंतर हे झालं.

म्हणून विचारतो. ३००० एमएएचचं मोठं यंत्र घेऊ, सेल बदलता येतो असं घेऊ, की आहे तसाच दुसरा पॉड घेऊन दोन बाळगू? पन्नास पाउंडपर्यंत जाईन.

ओहमचा_नियम

आधी तीन गोष्टी सांगा. कॉइल (लिक्विड तापवणारी तार) किती ओहमची, किती वॅटवर ओढता, लिक्विड किती मिलिग्रॅमचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये निकोटिन किती?

साइटवाला_लीड्स

०.६ ओहम, २५ वॅट, ६ मिलिग्रॅम. झुरका साधारण तीन सेकंदांचा. यंत्र झुरके मोजतं, बंद पडेपर्यंत १२० च्या आसपास होतात.

ओहमचा_नियम

मग तुमची बॅटरी खराब नाही, हिशेबच तसा आहे. ८०० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे जेमतेम ३ वॅट-तास. ज्यूलमध्ये १०,६०० च्या आसपास, त्यातले हजारेक यंत्रातच खर्ची पडतात. २५ वॅटचा तीन सेकंदांचा झुरका ७५ ज्यूल खातो. भागाकार केलात तर १२५-१३० च येतात.

आता त्याच बॅटरीवर १ ओहमची कॉइल लावून १२ वॅटवर ओढा. झुरक्याला ३६ ज्यूल, म्हणजे अडीचशे झुरके. एक पैसा न घालता दुप्पट. लोक एमएएच वाढवत बसतात आणि वॅटकडे बघतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं, कारण मोठं यंत्र घेतल्यावर ते ४० वॅटवर नेतात आणि दुपारी पुन्हा तिथेच येतात.

दुसरं, ६ मिलिग्रॅम. दिवसाला पंधरा ओढणाऱ्या माणसाची तलफ त्यात भागत नसावी, म्हणून झुरके वाढतात. कमी वॅटच्या, तोंडात घेऊन मग छातीत ओढायच्या कॉइलवर निकोटिन सॉल्टचं लिक्विड वापरून पाहा. इथे कायद्याने २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण सरळ २० वर जाऊ नका, १० पासून बघा. आणि ते २५ वॅटच्या कॉइलवर कधीच नको, घशाला फार लागेल.

यंत्राचं म्हणाल तर तुमच्या कामाला सेल बदलता येणारंच. अशा सेलवर आकाराचा आकडा असतो. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. २१७०० म्हणजे २१ आणि ७०. चांगल्या १८६५० मध्ये ३००० एमएएच असतात, १२ वॅटवर नऊशे झुरके सहज. २१७०० मध्ये ४००० च्या पुढे मिळतं, पण यंत्र जाड आणि जड होतं. तुम्हाला गरज नाही. सेल घरी बाहेरच्या चार्जरवर लावायचा, म्हणजे भोकातल्या सिमेंटचा प्रश्नच मिटला. आतल्या बॅटरीचं यंत्र दीड-दोन वर्षांनी दमलं की सगळंच टाकावं लागतं, इथे फक्त सेल बदलायचा.

थंडीचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. गारठ्यात लिथियम सेलचा आतला रोध वाढतो, झुरका घेताना व्होल्टेज खाली बसतं आणि यंत्राला वाटतं सेल संपला. आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आणि गोठलेल्या गाडीत चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केला तर सेल आतून कायमचा बिघडतो.

नाशिककर_कार्डिफ

सेल बदलायचं यंत्र घेणार असाल तर एवढं वाचाच. तीन वर्षांपूर्वी जादा सेल मी पॅंटच्या खिशात, घराच्या किल्ल्यांसोबत टाकला होता. बसमध्ये मांडी भाजायला लागली. किल्ली दोन्ही टोकांना टेकली होती. सेल कसाबसा बाहेर फेकला, बसमधले लोक उठून उभे राहिले. डाग अजून मांडीवर आहे. दोन सेलची प्लॅस्टिकची डबी दोन-तीन पाउंडाला येते, ती आधी घ्या, सेल नंतर.

सेलवरचं वेष्टण टरकलं असेल तर तो वापरू नका. १८६५० वर ५००० किंवा ९९०० एमएएच छापलेलं दिसलं की ते खोटं समजा, या आकारात ३५०० च्या आसपास मर्यादा येते. ओळखीच्या व्हेपच्या दुकानातून घ्या, रस्त्यावरच्या बाजारातून नको.

वॉर्डवाली_बर्मिंगहॅम

दादा, मी श्वसनविकारांच्या वॉर्डात नर्स आहे. बॅटरीचं मला कळत नाही, पण तुमच्या लिहिण्यात मला त्या अठरा सिगारेटी दिसल्या. त्या आजच काढा. गाडीत पाकीट असलं की लाल दिवा लागायची वाट बघावी लागत नाही.

दोन ओढल्यात म्हणून दहा महिने वाया गेले नाहीत. हे मी रोज पेशंटना सांगते आणि मनापासून सांगते.

तलफ बॅटरीच्या भरवशावर ठेवू नका. निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या हेल्मेटच्या पिशवीत ठेवा, त्यांना थंडी लागत नाही की धूळ लागत नाही. सकाळी निकोटिनचा पॅच लावून वर व्हेप वापरणारेही आहेत. तुमच्या भागातली सिगारेट सोडवणारी सेवा मोफत आहे. तिथे फोन करा, किती मिलिग्रॅम हे तिथले लोक तुमच्याशी बोलून ठरवतील. व्हेप सिगारेटपेक्षा खूप कमी घातक आहे, निरुपद्रवी नाही. पुढे तोही सोडायचाच आहे. आणि मुलीला दमा आहे, तर घरात आणि गाडीत अजिबात नको.

पुणे_परत

एक राहिलं. सुट्टीला घरी जाताना हे यंत्र नेऊ नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण सगळं बंद आहे. आयातीला पहिल्या गुन्ह्यातही एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतर देशांत विमानाने जाताना यंत्र आणि सेल हातातल्या बॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत.

साइटवाला_लीड्स

तीन आठवडे वापरून लिहितोय, सगळ्यांचे आभार.

एकाच १८६५० चं साधं यंत्र घेतलं, ३००० एमएएचचे दोन सेल, बाहेरचा चार्जर, डबी. सगळं मिळून ४६ पाउंड. १ ओहमची कॉइल, १२ वॅट. मोफत सेवेतल्या बाईंशी बोलून १० मिलिग्रॅम ठरलं. पहिले दोन दिवस धूर फारच कमी वाटला, चिडचिड झाली, हिच्यावर विनाकारण ओरडलो. तिसऱ्या दिवसापासून जमलं. झुरके दिवसाला ऐंशीच्या आत आलेत. एक सेल आठवडाभर सहज पुरतो, दुसरा डबीत तसाच राहतो, पण तो आहे हे माहीत असल्यामुळे दुपारी दोननंतर माझा हात सारखा खिशाकडे जात नाही.

ताई, तुमचं वाचलं त्याच रात्री खाली गाडीपाशी गेलो. अठरा सिगारेटी जुन्या बादलीत पाण्यात बुडवल्या आणि सकाळी कचऱ्यात टाकल्या. गोळ्या हेल्मेटच्या पिशवीत आहेत, आतापर्यंत दोनदा लागल्या, दोन्ही वेळा पाऊस होता आणि यंत्र गाडीत राहिलं होतं.

सुट्टीचं लक्षात आणून दिलंत ते बरं झालं. गणपतीला कराडला तीन आठवडे जायचंय. तोपर्यंत १० वरून ६ वर यायचं आणि तिथे फक्त पॅचवर राहायचं असं त्या बाईंनी आखून दिलंय.