कामाच्या दिवशी रात्री एकाच कढईत चिकन-पास्ता: कुणी करतं का? सल्ला द्या

तिसरं_गेट

नमस्कार मंडळी. आमच्यात बुधवारी आणि रविवारी नॉनव्हेज असतं. रविवारी वेळ असतो, सुकं, रस्सा, भाकरी सगळं निवांत होतं. प्रश्न बुधवारचा आहे. मी ऑफिसातून सातला घरी येते, मिस्टर उद्यमबागेतून (आमच्या बेळगावची औद्योगिक वसाहत) साडेसातला, आणि पोरांना साडेआठला ताट लागतं. पोरांना पास्ता हवा, आम्हाला चिकन. सध्या एका पातेल्यात पास्ता उकळते, दुसऱ्यात चिकन, मग सॉस आणखी वेगळा. चव चांगली येते, पण दोन्ही शेगड्या अडकून बसतात आणि सासूबाईंची भाकरी मागे पडते. त्या नॉनव्हेज खात नाहीत, त्यांना तव्यावरची गरम भाकरी आणि भाजी लागते. ती त्यांना वेळेवर मिळायला हवी, यात मला तडजोड करायची नाही.

म्हणजे चिकन-पास्त्याला एकच शेगडी आणि एकच भांडं. नॉनव्हेजची भांडी आमची वेगळी, त्यात हिंडालियमची एक पसरट, जाड बुडाची कढई आहे. तिच्यात कच्चा पास्ता थेट शिजतो का? पाणी किती धरायचं? चिकन आधी घालायचं की नंतर? आणि टोमॅटोचा बरा की दुधाचा? खाणारे चौघं, धाकटी सहा वर्षांची, त्यामुळं तिखट बेतानं.

अनगोळ_स्वयंपाकघर

शिजतो की ताई, आणि उकळून केलेल्यापेक्षा चांगला लागतो. पास्ता वेगळा उकळून निथळला की त्याचा सगळा स्टार्च पाण्याबरोबर मोरीत जातो. कढईतच शिजवला की तो स्टार्च तिथंच राहतो आणि त्याच्यानंच सॉस दाट होतो. मैदा भाजा, पांढरा सॉस घोटा, यातलं काही लागत नाही.

चौघांना पाव किलो पेने पास्ता, साडेतीनशे ग्रॅम बोनलेस चिकन, एक मोठा कांदा, तीन लालबुंद टोमॅटो, आठ-दहा लसूण पाकळ्या, एक ढबू मिरची. आल्या आल्या चिकनला मीठ, हळद, थोडं तिखट आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून ठेवा आणि हातपाय धुऊन या, तेवढा वेळ त्याला पुरतो. कढई चांगली तापवून दोन चमचे तेल, त्यात चिकनचे तुकडे एका थरात पसरा. आणि मग हात लावू नका. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याला कालथा फिरवत राहायची सवय असते. दोन-अडीच मिनिटं तसंच राहू दिलं की खालची बाजू तांबूस होते आणि तुकडा आपणहून बुडापासून सुटतो. सुटत नसेल तर अजून व्हायचाय. मग उलटा, दुसरी बाजू मिनिटभर, आणि ताटलीत काढून ठेवा. आत कच्चंच असतं तेव्हा, ते चालतं, पुढं शिजणार आहे.

कढईच्या बुडाला जे तांबूस चिकटलेलं राहतं ते खरवडून टाकू नका, सगळी चव त्यात आहे. त्यावरच कांदा-लसूण परता, कांद्याला सुटणाऱ्या पाण्यानं बूड आपोआप मोकळं होतं. टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत परतायचं, मग पावणेतीन वाट्या कढत पाणी (माझी वाटी पाव लिटरची आहे), उकळी आली की पास्ता. आच मध्यम, झाकण अर्धवट. दर दोन मिनिटांनी तळापासून हलवायचं, नाहीतर पेने एकमेकांना चिकटून बसतात. आठव्या मिनिटाला ढबू आणि चिकन परत आत, ताटलीत सुटलेलं पाणीसुद्धा. पण ते पाणी कच्च्या चिकनचं असतं, म्हणून त्यानंतर कढई पाच मिनिटं तरी रटरटली पाहिजे. सगळ्यात जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. थर्मामीटर असेल तर 74 अंश.

चिकन सुरुवातीपासून आत ठेवलं तर पास्ता होईस्तोवर ते चिवट होतं. म्हणून आधी काढायचं, शेवटी घालायचं. एवढं सांभाळलंत की बाकीचं सोपं आहे.

खानापूरकर

वरच्या कृतीला माझी जोड. पास्त्याच्या पाकिटावर शिजायची वेळ लिहिलेली असते, ती आपल्याकडं थोडी वाढवून धरा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. उंची वाढली की पाणी कमी तापमानाला उकळतं, दर तीनशे मीटरला सुमारे एक अंश. म्हणजे आपल्याकडं उकळतं पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास असतं. शिवाय टोमॅटोच्या दाट रसात पास्ता साध्या पाण्यापेक्षा सावकाश शिजतो. पाकिटावर अकरा मिनिटं असतील तर तेरा-चौदा धरा, आणि घड्याळापेक्षा दातावर विश्वास ठेवा. एक पेने चावून बघा. मधे पांढरा ठिपका दिसला तर अजून दोन मिनिटं.

पाणी पावणेतीन वाट्या बरोबर आहे, पण ते उघड्या, पसरट कढईचं माप. झाकण पूर्ण लावणार असाल तर अर्धी वाटी कमी करा. आणि किटलीत थोडं कढत पाणी तयार ठेवा, कोरडं वाटलं तर तेच घाला. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि पास्ता वरून मऊ, आत कच्चा राहतो.

आमच्या खानापूरच्या मातीच्या भांड्यात करू का, असं कुणीतरी विचारेलच. चिकनचा रस्सा त्यात सुरेख होतो, पास्त्याला मात्र नको. मातीचं भांडं गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं, तेवढ्यात पास्ता जास्त शिजून लगदा होतो. लोखंडी कढईही यासाठी नको, टोमॅटोच्या आंबटपणानं रंग काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. तुमची हिंडालियमची योग्य आहे. फक्त उरलेलं तिच्यात रात्रभर ठेवू नका, स्टीलच्या डब्यात काढा.

निपाणी_कट्टा

ताई, एवढं हलवत कशाला बसताय? कुकर काढा की. मी कायम कुकरातच करूलालोय. कांदा, टोमॅटो, चिकन कुकरातच परतायचं, पास्ता घालायचा, पास्ता जेमतेम बुडेल एवढंच पाणी, एक शिट्टी, गॅस बंद, आणि दोन मिनिटांनी शिट्टी उचलून वाफ सोडायची. तेवढ्या वेळात भाकरीचं पीठ मळून होतं.

दोन गोष्टी मात्र पाळा. पास्त्याला फेस येतो आणि तो शिट्टीच्या भोकात अडकू शकतो, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही आणि चमचाभर तेल घालायचंच. वाफ आपोआप जिरायची वाट बघू नका, तेवढ्यात पास्ता गळतो.

अनगोळ_स्वयंपाकघर

दादा, वेळ वाचतो हे खरं. पण एक शिट्टी कुणाच्या कुकरला चार मिनिटांत होते, कुणाच्या सात, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. पास्त्याला दोन मिनिटं इकडं-तिकडं झाली की फरक पडतो. पहिल्यांदा करताना उघडी कढईच बरी असं माझं मत. हात बसला की कुकर.

हुक्केरीची_आक्का

बाळ, मी सांगते ते पण ऐक. पास्त्यासोबत मसाल्याची पुडी मिळते ती बाजूला ठेव, आपल्या घरच्या चटणीनं लई भारी होतं. कांदा-लसूण चटणी एक सपाट चमचा, आणि रंगाला ब्याडगीचं तिखट एक चमचा. ब्याडगी रंगाला गडद आणि जिभेला सौम्य, म्हणून पोरांच्या जेवणात तीच घालावी. आमच्या भागातली संकेश्वरी मात्र जपून. ती अंगानं बारीक आणि तिखटाला जहाल, सहा वर्षांच्या पोरीच्या ताटात नकोच. आम्हा मोठ्यांना लागली तर तेलात कुस्करून वरून घेता येते.

चटणी टोमॅटो परतताना तेलातच घाल, पाण्यात नको. तेलात रंग आणि वास दोन्ही उतरतात. मात्र आच बारीक कर, ब्याडगी करपली की कडू होते.

ओरेगॅनो घरात नसला तर कुंडीतल्या ओव्याची दोन पानं बारीक चिरून शेवटी टाक. वास बराच जवळचा येतो. पानं नसतील तर ओवा चिमूटभर, चुरडून. जास्त नको, नाहीतर भज्यासारखा वास मारतो.

पास्ता घेताना पाकीट उलटं करून वाच. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं असेल तोच घे. मैद्याचा स्वस्त मिळतो, तो वेगळा उकळून निभतो, पण एका कढईत फुटून खीर होते. ड्युरम म्हणजे आपल्या खपलीच्या कुळातलाच कडक गहू. आपल्याकडं हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला, खपली लागते ती याच कारणानं, कितीही शिजली तरी दाणा धरून राहते. पास्ता संपलेला असेल त्या दिवशी खपलीच्या शेवया घे, तुपात भाजून. पाणी कमी लागतं, चार-पाच मिनिटांत होतात. तेव्हा चिकन मात्र आधी पुरतं शिजवून घे, शेवयांबरोबर शिजायला त्याला वेळच मिळत नाही.

कॅम्प_परिसर

दुधाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. टोमॅटो आणि दूध एका कढईत उकळू नका, आंबटपणानं दूध फाटतं. पांढरा हवा असेल तर टोमॅटो पूर्ण वगळा: कांदा, लसूण, मिरी, दोन वाट्या पाण्यात पास्ता निम्मा शिजवा आणि मग वाटीभर तापवलेलं दूध. तेव्हा चिकनला लिंबूही लावू नका, त्यानंही दूध नासतं. दूध घातल्यावर आच अगदी मंद, कारण ते तळाला लागतं.

पण चौघांसाठी, मुलं धरून, मी मधला मार्ग सुचवेन. टोमॅटोचाच करा आणि गॅस बंद केल्यावर दोन मोठे चमचे घोटलेली साय किंवा प्रोसेस्ड चीजचे दोन क्यूब किसून घाला. सायीत स्निग्धांश जास्त म्हणून ती सहसा फाटत नाही, आणि प्रोसेस्ड चीजमध्ये ते फाटू नये म्हणून क्षार घातलेलेच असतात. मोझरेला घातलंत तर तारा सुटतात, मुलांना मजा येते, पण ताट गार झालं की त्याचा रबर होतो. चीजमध्ये मीठ असतं, म्हणून आधी हात आखडता ठेवा. पास्ता उकळताना पाणी चांगलं खारट करा, असं सगळीकडं सांगतात. ते ओतून द्यायच्या पाण्याला लागू. इथं घातलेलं सगळं मीठ पोटात जाणार आहे.

तिसरं_गेट

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! कढईतच करणार, टोमॅटोचा, वरून साय. आक्का, चटणी घरची आहेच, आईनं दिलेली. अजून दोन शंका. आमचा चिकनवाला बोनलेस म्हटलं की छातीचंच देतो. ते चालेल का? घरी जवारी (गावरान) कोंबडी कधी कधी गावाहून येते, ती यात घातली तर? आणि उरलं तर पोरांच्या डब्यात देता येईल का?

अनगोळ_स्वयंपाकघर

मांडीचं घ्या. छातीच्या मांसात चरबी नाही, दोन मिनिटं जास्त झाली की कोरडं पडतं. मांडीचं माफ करतं. सकाळी कामाला जाताना दुकानात सांगून ठेवलं की "लेगपीसचं बोनलेस काढून ठेवा", संध्याकाळी तयार मिळतं. गर्दीच्या वेळी उभं राहून मागितलं तर कुणी काढून देत नाही. छातीचंच मिळालं तर तुकडे मोठे, दीड इंचाचे ठेवा आणि शेवटच्या सहा-सात मिनिटांतच आत टाका.

हुक्केरीची_आक्का

जवारी यात अजिबात नको. तिला शिजायला तास लागतो आणि तिची खरी चव रश्शात. ती रविवारी भाकरीबरोबर कर. हाडं मात्र टाकू नको, त्यांचं पाणी काढून फ्रीजरमध्ये ठेव आणि बुधवारी साध्या पाण्याऐवजी ते घाल. तेवढ्यानं ब्रॉयलरलासुद्धा चव येते.

खानापूरकर

डब्याचं म्हणाल तर चिकन घातलेलं नको. रात्री केलेलं, सकाळी भरलेलं, दुपारपर्यंत दप्तरात, हा वेळ फार होतो, उन्हाळ्यात तर नकोच. डब्यासाठी हवंच असेल तर आठव्या मिनिटाला, चिकन आत जायच्या आधी, दोन मुलांपुरता पास्ता आणि सॉस वेगळ्या स्वच्छ चमच्यानं काढून घ्या. तो किंचित कच्चा असतो, सकाळी पाव वाटी पाणी घालून पाच-सहा मिनिटं रटरटू दिला की बरोबर होतो. त्यात मक्याचे दाणे किंवा पनीर घाला. फक्त आधी त्या कढईत चिकन परतलेलं असतं, तेव्हा सासूबाईंच्या ताटासाठी तो नाही.

चिकनचं उरलेलं मोठ्यांनी दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत संपवावं. जेवण झाल्या झाल्या पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये. पास्ता रात्रभर सॉस पिऊन घट्ट होतो, म्हणून गरम करताना थोडं पाणी शिंपडा, झाकण ठेवा आणि पुरती वाफ येऊ द्या.

निपाणी_कट्टा

आणि ताई, भाकरीची शेगडी आधी पेटवा. पास्ता कढईत पडल्यावर तुम्हाला दर दोन मिनिटांनी हात लागणार, तेव्हा पीठ मळायला मिळत नाही. चिकन ताटलीत निघालं, कांदा परतायला पडला, की त्या वेळात तवा तापवा आणि पीठ मळून घ्या. पास्ता उकळायला लागला की एक भाकरी, एकदा हलवणं, असं जमतं. मिस्टर साडेसातला येतात म्हणालात ना? कालथा त्यांच्या हातात द्या.